निरोप मिळाला होता

"किती दिवस आहात, वन्सं?" योगिनीने विचारलं. तिच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच होता. गुणवंतीने अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

योगिनी वाईट मनाने विचारत नव्हती. सतरा वर्षांत तिची ही नणंद दोनदाच घरी आली होती. दोन्ही वेळा आठ दिवसांसाठी, आणि दोन्ही वेळा तिच्यासोबत, ज्या महाराजांच्या मंडळात ती सेवा करायची तिथली, दुसरी सेविका होती. आज ती एकटी आली होती. रिक्षा रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या उतारावरच थांबली, कारण पुढे मासळीचा टेम्पो आडवा लागला होता. तिथून बॅग ओढत ती घरापर्यंत चालत आली.

"बघू," गुणवंती म्हणाली आणि भिंतीला हात लावून सावकाश पायरी चढली.

घर बदललं होतं. कौलं जाऊन स्लॅब झाला होता आणि पुढच्या खोलीत फरशी आली होती. एका भिंतीवर महाराजांची मोठी तसबीर पूर्वीसारखीच होती. समोरच्या भिंतीवर दोन वर्षांपूर्वी गेलेल्या आईचा फोटो होता. गुणवंती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तेवढाच होता चांगला," योगिनी मागून म्हणाली. "मच्छीमार सोसायटीच्या ओळखपत्रावरचा. मोठा करून घेतला ह्यांनी."

फोटोत तिची आई लीला रागावल्यासारखी दिसत होती. फोटो काढताना ती नेहमीच तशी दिसायची.

"मला कळलं तेव्हा बावीस दिवस होऊन गेले होते," गुणवंती म्हणाली. "आश्रमाच्या प्रमुख वैदेहीमातांनी बोलावून सांगितलं. म्हणाल्या, सेवेत खंड पडू नये म्हणून आधी नाही सांगितलं. आईचं बारावं-तेरावं सगळं उरकलं होतं तुम्ही."

तांब्या खाली ठेवून योगिनी तिच्याकडे बघत राहिली. मग "च्या टाकते" म्हणून आत गेली.

गुणवंतीचे वडील दाजी एके काळी मिरकरवाड्यातले नावाजलेले तांडेल होते. होडी त्यांच्या हाती असली की खलाशी निर्धास्त असायचे. मात्र दुपारनंतर ती कुणी त्यांच्या हाती देत नसे. दाजी प्यायचे. प्यायल्यावर लीलाला मारायचे आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच पाटीतले मासे बाजारात पोचवायला जायचे. गुणवंती विसाव्या वर्षात होती तेव्हा मांडवीला मंडळाचा सात दिवसांचा सत्संग झाला. दाजी पहिल्या दिवशी टवाळी करायला गेले, पाचव्या दिवशी गळ्यात तुळशीची माळ घालून परत आले. दारू सुटली, मासे सुटले. हात कापायचे, रात्री घाम फुटायचा, पण माळ उतरली नाही. सहा महिन्यांनी लीला पहिल्यांदा शेजारणीसमोर हसताना दिसली.

दोन वर्षांनी मंडळाने परदेशातल्या केंद्रांसाठी सेविका मागितल्या. दाजींनी गुणवंतीचं नाव दिलं. "माळ तुम्ही घातलीत, पोरीला कशाला पाठवताय?" असं लीला तेव्हा म्हणाली होती. पण गुणवंतीने स्वतःहून होकार दिला. घर आधी कसं होतं आणि मग कसं झालं, हे तिने पाहिलं होतं. ते पुन्हा आधीसारखं होऊ नये म्हणून तिने आणखीही काही दिलं असतं.

मॉरिशसमध्ये उसाच्या शेतांमधल्या एका गावात मंडळाचा वृद्धाश्रम होता. सकाळी आरती, मग म्हाताऱ्यांच्या अंघोळी, जेवणं, औषधं, संध्याकाळी प्रवचन. तिथल्या पुष्कळांचे पणजे-खापरपणजे कोकणातून गेलेले. बोलायचे तिथली क्रेओल भाषा, पण एक म्हातारा अंगावर पाणी घेताना कोकणातल्या जाखडी नाचाची गाणी म्हणायचा. अर्थ त्याला ठाऊक नव्हता. तू रत्नागिरीची ना, मग सांग, असं तो गुणवंतीला विचारायचा, आणि कितीतरी शब्दांचा अर्थ तिलाही लागायचा नाही. सेविकांना फोन नव्हता. वर्षातून एकदा, गुरुपौर्णिमेला, कार्यालयातून घरी पाच मिनिटं बोलायला मिळायचं, समोर वैदेहीमाता बसलेल्या असताना. आई गेल्यापासून दाजी फोनवर येत नव्हते. माणसं उचलता उचलता चाळिशीच्या आत गुणवंतीची कंबर गेली. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं लिहून दिलं. महिन्याभरात व्हिसा संपला आणि मंडळाने तो वाढवून घेतला नाही. मुख्य मठातून पत्र आलं, की सेविका गुणवंती यांनी आता घरी विश्रांती घ्यावी.

मठात राहता येईल का, असं तिने विचारलं होतं. तिथे अंथरुणाला खिळलेल्यांची सोय नाही, असं उत्तर आलं. ती अंथरुणाला खिळलेली नव्हती, पण तिने पुन्हा विचारलं नाही.

संध्याकाळी सर्वेश बर्फाच्या कारखान्यातून आला. तो तिच्याहून वर्षभराने धाकटा, पण कानाजवळचे केस पिकले होते. बहिणीला "तू" म्हणावं की "तुम्ही", हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"प्रवास बरा झाला ना? जेवण... तुमचं कांदा-लसूण चालत नाय ना?"

"सर्वेश, मला तू म्हण रे."

तो ओशाळला. जेवताना त्याने तिला पुन्हा पुन्हा वाढलं. दाजी मात्र आले नव्हते. ते हल्ली बंदरावर जाळी दुरुस्त करत बसतात, असं योगिनीने सांगितलं. कधी कधी तिथेच शेडमध्ये आडवे होतात.

"मी आल्याचं सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलं." सर्वेशने ताटातला भात एका बाजूला केला. "ऐकलं त्यांनी."

जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "मी परत नाही जायची आता."

योगिनीने सर्वेशकडे बघितलं. त्यांची मुलगी सानवी दहावीत होती आणि तिचा अभ्यास पुढच्या खोलीत चालायचा. आज तिने पुस्तकं उचलून आतल्या कपाटावर ठेवली होती. आत्या आठ दिवसांची पाहुणी, असं तिला सांगितलं होतं.

"मंडळात इकडं कुठं तरी असंल ना जागा?" सर्वेशने विचारलं.

"नाही."

"तसं काय नाय, घर तुझंच हाय," तो म्हणाला. पण ते म्हणायला त्याला लागलेला वेळ तिघांनाही कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बंदरावर गेली. लिलाव संपत आले होते. बर्फ खडखडत होता, बायका पाट्या उचलत होत्या. दोघी-तिघींनी तिचे पांढरे कपडे बघून हात जोडले. जाळ्यांच्या ढिगामागे, शेडच्या सावलीत दाजी बसले होते. फार वाळले होते. पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ते दोरा ओवत होते. हातांना कंप नव्हता.

तिने वाकून नमस्कार केला. वाकताना तिचा श्वास अडकला.

"कंबर दुखते?" दाजींनी मान वर न करता विचारलं.

"थोडी."

"खाली नको बसू. त्या क्रेटवर बस."

ती बसली. दाजी टाके घालत राहिले. एक होडी धक्क्याला लागली, डिझेलचा धूर त्यांच्यावरून गेला.

"तुझी आयस चार दिवस इस्पितळात होती," दाजी बोलायला लागले. "पयल्या दिवसापासून तुझं नाव. गुणवंतीला बोलवा. एवढंच. मी मठात फोन लावला. म्हटलं, येऊ नाय शकली तरी फोनवर तरी बोलू द्या. दुसऱ्या दिवशी तुझं उत्तर आलं."

गुणवंतीला काही कळेना. "माझं उत्तर?"

"तुझंच. आईपेक्षा सेवा मोठी, मी इथूनच प्रार्थना करते, असं सेविका गुणवंती म्हणाली म्हणून त्यांनी मला वाचून दाखवलं." दाजींनी दोरा दातांनी तोडला. "मी तुझ्या आयशीला तसंच सांगितलं. गळ्यात माळ, खोटं कसं सांगू. म्हटलं, ती येणार नाय, तिनं सेवा मोठी धरलीय. मग ती गप झाली. पुढं दीड दिवस जगली, पण तुझं नाव नाय घेतलं. पाणीसुद्धा मागितलं नाय कोणाकडं."

गुणवंतीचे हात मांडीवर होते, ते तिथेच राहिले. वैदेहीमातांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. त्यांनी उशीर केला हे तिला ठाऊक होतं आणि त्याची तिने स्वतःची समजूत घातली होती. तिच्या नावाने कुणी उत्तर दिलं होतं, हे ती आज ऐकत होती.

"लोकांना मी सांगितलं, माझी पोर मोठी झाली, तिला मायेनं बांधता येत नाय. लोक पाया पडले माझ्या." दाजींनी आता पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पांढरा पडदा आला होता. "एक विचारतो. खरं सांग. निरोप मिळाला होता ना तुला? कधी कधी वाटतं, मिळालाच नसंल."

तिच्या ओठांवर शब्द आले होते. नाही दाजी, बावीस दिवसांनी सांगितलं मला. एवढंच म्हणायचं होतं. मग ते उत्तर कुणाचं, हे त्यांनी विचारलं असतं आणि तेही तिने सांगितलं असतं. पण दाजींचा डावा हात जाळ्यावरून उठून गळ्याशी गेला होता आणि बोटं माळेचा एकेक मणी दाबून बघत होती. याच हाताने पूर्वी ते आईचे केस धरायचे. महाराजांवरचा विश्वास गेला तर या माणसाकडे काय उरेल, हे तिला सांगता येईना. बायको गेली होती. पोर स्वतःच्या हाताने दिली होती. ती कशासाठी दिली, हेही आता काढून घ्यायचं का?

"मिळाला होता," ती म्हणाली.

"कधी?"

"लगेच. त्याच दिवशी."

"आणि तू तसंच म्हणालीस?"

"हो, दाजी. मीच म्हणाले."

दाजींनी मान हलवली. पुन्हा सुई उचलली, पण दोरा ओवला नाही.

"मग माझं विचारायचं काय उरलं नाय," ते म्हणाले. "घरात रहा. महाराजांची सेविका हायस, तुला कोण जा म्हणणार नाय. पण माझ्याशी बोलू नको."

त्या दिवसानंतर दाजी घरी यायला लागले, जेवायलाही बसायला लागले, आणि गुणवंतीला वाटलं की निदान एवढं तरी झालं. ती वाढायला आली की ते ताटावर हात धरायचे. योगिनीने वाढलं की घ्यायचे. तीन-चार दिवस हे बघितल्यावर योगिनीने तिला मागच्या दारी, कपडे धुताना गाठलं.

"दाजींना काय सांगितलंत तुम्ही?"

"काय म्हणजे?"

"मला पयल्या दिवशी म्हणालात, बावीस दिवसांनी कळलं. आणि ते काल ह्यांना म्हणत होते, तिनं तोंडानं कबूल केलं. दोन्ही खरं कसं?"

गुणवंतीने बादलीतलं पाणी ओतून टाकलं.

"खोटं का बोललात, वन्सं?"

"त्यांना महाराजांशिवाय आहे काय? तेही गेलं तर पुन्हा पितील."

साबणाचं पाणी योगिनीच्या पायांवरून वाहत होतं.

"दोन वर्षं मी बघतेय त्यांना," ती म्हणाली. "झोपेतसुद्धा बडबडतात. निरोप मिळाला नसंल, मिळाला नसंल. तुम्ही नाय म्हणावं म्हणूनच त्यांनी विचारलं असंल."

हे गुणवंतीच्या मनात आलंच नव्हतं. तिने दाजींचे डोळे आठवून बघितले. भीती होती त्यांत, हे नक्की. पण कशाची, हे आता तिला सांगता येईना.

"आता जाऊन सांगा," योगिनी म्हणाली.

"आज सांगितलं तर काय म्हणतील? परवा एक, आज एक." ती खाली बसली. कमरेतून कळ निघाली होती. "राहू दे, योगिनी."

राजापूरला शुभंकर नावाचे एक बागायतदार होते. त्यांची आमरसाची गाडी मोसमात सर्वेशच्या कारखान्यातून बर्फ न्यायची. त्यांची आई बिछान्यावर होती आणि घरात राहून तिचं सगळं करणारी बाई त्यांना हवी होती. सर्वेशने हे घाबरत घाबरत सांगितलं. "तुझी कंबर अशी. पण म्हातारी अगदी हलकी हाय म्हणतात. नको असंल तर नको."

"जाते," गुणवंती म्हणाली.

निघायच्या दिवशी दाजी पडवीत बसले होते. ती त्यांच्यापुढून गेली. ते समुद्राकडे बघत होते, म्हणजे समुद्र ज्या बाजूला होता तिकडे. मध्ये आता तीन मजली इमारत उभी होती. सर्वेशने तिला एसटीत बसवलं. खिडकीशी उभा राहून तो म्हणाला, "सणाला ये हां ताई." मग गाडी सुटेपर्यंत त्याला दुसरं काही सुचलं नाही.

शुभंकरांच्या आईला सगळे अक्का म्हणत. शाळेत शिक्षिका होत्या, मुलांना चाळीस वर्षं गणित शिकवलं होतं. आता उजवी बाजू गेली होती आणि बोलणं अर्धं कळायचं. खरंच हलक्या होत्या. गुणवंतीने पहिल्याच दिवशी त्यांना कुशीवर वळवून पाठ पुसली तेव्हा अक्कांनी डोळे मिटून घेतले आणि दुपारपर्यंत झोपल्या. शुभंकर म्हणाले, इतक्या महिन्यांत आई अशी झोपली नव्हती.

तीन आठवड्यांनी सर्वेशचा फोन आला.

"दाजींनी माळ काढून ठेवली," तो म्हणाला. "तसबीरपण उतरवली. मंडळाचे लोक आले होते समजवायला, त्यांना दारातूनच परत पाठवलं."

"का?"

"बोलत नायत. एकदाच म्हणाले, ज्या सेवेनं माझ्या पोरीचा दगड केला ती मला नको."

गुणवंती ओटीवरच्या बाकावर बसली. "आणि... पितात?"





"काल मांडवीला रस्त्यात पडले होते. रिक्षावाल्यानं आणून सोडलं."

"योगिनीला दे."

योगिनीचा आवाज बसलेला होता. "सांगितलं मी त्यांना, वन्सं. सगळं सांगितलं. बावीस दिवस, वैदेहीमाता, सगळं. म्हणाले, तिच्या तोंडून ऐकलंय मी. तुम्ही आता म्हाताऱ्याची समजूत काढताय."

"मी येते. मी सांगते त्यांना."

"ते तुमचं नाव काढू देत नायत."

तरी ती गेली. शुभंकरांकडून एका दिवसाची रजा घेतली, सकाळच्या गाडीने रत्नागिरीला पोचली. दाजी पडवीत होते. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, कंबर दुखत होती तरी बसली, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. दाजींनी ऐकून घेतलं. तोंडाला वास येत होता. हात पुन्हा कापत होते.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तेव्हा खोटं बोललीस की आता बोलतेस?"

"तेव्हा."

"का?"

तुम्ही पुन्हा पिऊ नये म्हणून, हे तिला त्यांच्या तोंडावर म्हणता आलं नाही. ते तिच्याकडे बघत वाट पाहत राहिले. मग हळूच हसले, त्यात राग नव्हता.

"जा बाय," ते म्हणाले. "गाडी चुकंल."

ती राजापूरला परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. शुभंकर अंगणातच भेटले. त्यांची बहीण शमिका कॅनडात असते. अक्कांची तब्येत बघून तिला बोलावलं होतं, आणि दुपारी तिचा फोन येऊन गेला होता. तिला यायला जमत नव्हतं. मुलांच्या शाळा, सुट्टी नाही, अशी बरीच कारणं होती. शुभंकरांनी ती सगळी सांगितली आणि म्हणाले, "आईला कसं सांगू कळत नाही. सकाळपासून तिचंच नाव घेतेय."

गुणवंतीने पाय धुतले, पदर खोचला आणि आत गेली. खोलीत पश्चिमेचं ऊन आलं होतं. अक्का जाग्या होत्या. तिने उशी सरळ केली, ओठ ओल्या फडक्याने टिपले, चमच्याने थोडं पाणी पाजलं.

"श... मिका?" अक्कांनी विचारलं. डावा हात चादरीवर काहीतरी शोधत होता.

गुणवंतीने तो हात धरला.

"निघाल्यात," ती म्हणाली. "वाटेत आहेत."

अक्कांनी आणखी पाणी मागितलं. गुणवंतीने पुन्हा चमचा भरला.